भोगवटादार कोण? सॉफ्टवेअरची रचना आणि सामाईक भाषा

मेहरूण आता जळगाव शहरातच मोडतं. बोरांसाठी आणि तलावासाठी ओळखलं जाणारं हे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत आली, शेतांचे प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या. महसुली कागदावर मात्र ते अजून ‘मौजे मेहरूण’च आहे. या शिवारातला कुठलाही एक प्लॉट घेतला, तरी त्याची नोंद वेगवेगळ्या दप्तरांत सापडते. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, ‘भोगवटादाराचे नाव’. तिथे ज्याचं नाव, त्याला आपण व्यवहारात मालक म्हणतो. त्याच जागेवरच्या घराची महापालिकेतली कर आकारणीची नोंद काढली, तर तिथे मालक आणि भोगवटादार असे दोन रकाने दिसतात, आणि इथला भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष राहणारा माणूस. तो भाडेकरूही असू शकतो. वीजबिलावर ‘ग्राहक’ असतो. तो कधी कधी दहा वर्षांपूर्वी वारलेला आजोबा असतो. दुय्यम निबंधकाच्या दस्तात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात.

यातलं कुठलंही दप्तर चुकीचं नाही. प्रत्येकाने आपल्या कामापुरता नेमका शब्द धरला आहे. अडचण येते ती ही दप्तरं एकमेकांना जोडायची ठरतात तेव्हा. दोन्हीकडे ‘भोगवटादार’ दिसला म्हणून एखाद्या प्रोग्रामरने ते रकाने जुळवले, तर संगणक तक्रार करणार नाही. दोन्हीकडे नाव आहे, दोन्हीकडे अक्षरं आहेत, चाचणी पार पडेल. आणि भाडेकरू अहवालात मालक होऊन बसेल.

सॉफ्टवेअर बिघडलं की आपण सर्व्हरकडे, नेटवर्ककडे, कोडकडे बोट दाखवतो. पण कितीतरी बिघाड त्याच्या आधीचे असतात. ज्यांचं काम आहे आणि ज्यांनी प्रणाली बांधली, त्या दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोन गोष्टी समजून घेतल्या, तिथे त्यांची मुळं असतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नावर जगात बराच विचार झाला आहे. तो महाराष्ट्राच्या, त्यातही खानदेशाच्या अनुभवावर घासून पाहिला पाहिजे, कारण इथे शेतकऱ्याच्या हातात सरकारी ॲप आलं आहे आणि त्यातल्या शब्दांवर त्याची भरपाई, पीककर्ज आणि विमा अवलंबून आहे.

१९६८ साली मेल्विन कॉन्वे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने मांडलं, की कुठलीही संस्था जी प्रणाली रचते तिची घडण त्या संस्थेतल्या माणसांच्या परस्पर संवादासारखीच होते. महसूल, नोंदणी आणि भूमी अभिलेख हे विभाग एकमेकांशी जेवढे आणि जसे बोलतात, तेवढ्या आणि तशाच त्यांच्या संगणकप्रणाली जोडलेल्या असतात. १९८५ साली डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाउर आणखी पुढे गेला. त्याच्या मते प्रोग्राम म्हणजे लिहिलेला कोड नव्हेच. हे काम असं का चालतं याची जी समज बांधणाऱ्यांच्या डोक्यात तयार होते, ती खरा प्रोग्राम. ती माणसं पांगली की कोड शाबूत राहतो आणि प्रोग्राम मरतो. सरकारी कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे जातं तेव्हा नेमकं काय हरवतं, हे इतक्या स्वच्छपणे फार कमी जणांनी सांगितलं आहे.

या सगळ्याला कामाची पद्धत म्हणून रूप दिलं ते एरिक इव्हान्सने, २००३ सालच्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या पुस्तकात. त्याचं म्हणणं असं, की जाणकार आणि प्रोग्रामर यांनी मिळून एक भाषा घडवावी. तीच बैठकीत बोलावी, तीच कागदावर यावी, तीच कोडमध्ये उतरावी. मधे दुभाष्या नको, कारण दर भाषांतराला थोडा अर्थ सांडतो. त्याचा दुसरा आणि माझ्या मते जास्त मोलाचा आग्रह असा, की साऱ्या संस्थेला पुरेल असा एकच शब्दकोश करण्याच्या नादी लागू नये. प्रत्येक शब्दाला हद्द असते. हद्दीच्या आत त्याचा अर्थ एकच, काटेकोर. हद्द ओलांडताना तो उघडपणे बदलून घ्यायचा. भोगवटादाराचं कोडं याच रीतीनं सुटतं. दोन्ही दप्तरांनी आपापला शब्द ठेवावा, आणि जोडणीच्या जागी एकाचा अर्थ दुसरीकडे काय होतो हे कोणीतरी स्पष्ट लिहावं.

खानदेशातल्या कापूस उत्पादकाचं बोलणं नीट ऐकलं, तर ही हद्द एकाच माणसाच्या दिवसभरात अनेकदा ओलांडली जाते. सकाळी तो तलाठ्याकडून ‘उतारा’ आणतो, म्हणजे सातबाऱ्याची नक्कल. वावरात शेजाऱ्याला विचारतो, औंदा एकरी उतारा किती? म्हणजे पीक किती निघालं. जिनिंगवर पुन्हा उतारा, पण तिथे तो सरकी काढल्यावर मिळणाऱ्या रुईचं प्रमाण असतं, साधारण एक तृतीयांश. त्याचा गोंधळ होत नाही, कारण आपण कुठे उभे आहोत हे त्याला माहीत असतं. संगणकाला ते सांगावं लागतं. ‘कापूस’ही तसाच. शेतकऱ्याचा कापूस सरकीसकटचा आणि क्विंटलात मोजलेला. जिनिंगवाल्याचा हिशेब गाठीत, एक गाठ १७० किलोची, तर रुईचा बाजारभाव खंडीत, म्हणजे सुमारे ३५६ किलोमागे. जळगावच्या सराफ्यात तोळा आज दहा ग्रॅमचा धरतात, पण घरातल्या जुन्या दागिन्याच्या चिठ्ठीवरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असू शकतो. १९९९ साली नासाचं मंगळयान नष्ट झालं, कारण एका बाजूचे आकडे पौंडाच्या मापात होते आणि दुसरीने ते न्यूटनचे समजून वापरले. बाजार समितीसाठी प्रणाली लिहिणाऱ्याने ही घटना परग्रहावरची समजू नये.

‘वर्ष’ हा तर सगळ्यांत साधा वाटणारा रकाना. आर्थिक वर्ष एप्रिलपासून, महसुली वर्ष १ ऑगस्टपासून, कापसाचा हंगाम ऑक्टोबरपासून. आणि खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो आणि नवा करार होतो. शेताच्या खर्चाचं ॲप करणाऱ्याने ‘वार्षिक मजुरी’ असा रकाना ठेवला आणि तो ३१ मार्चला बंद केला, तर प्रत्येक सालदाराचा हिशेब दोन तुकड्यांत पडेल. हे कुठल्याही पुस्तकात वाचून कळणार नाही. कोणी तरी बांधावर बसून, ‘तुमचं साल कधी भरतं?’ असं विचारलं तरच कळेल.

पण विचारलं तरी कळेलच असं नाही. इथे संवादाचं मानसशास्त्र मदतीला येतं. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटनने एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते; ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. वीस वर्षं फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, लिहिलेला तलाठी पुण्याहून आलेल्या तरुण अभियंत्याला काम समजावतो तेव्हा हेच घडतं. तो काही लपवत नाही. वारस नोंद आणि वाटप यांतला फरक त्याच्या हाडीमाशी इतका खिळलेला असतो, की तो सांगायचा राहून गेला हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

१९८७ साली जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मोजली. एखाद्या वस्तूला किंवा क्रियेला दोन माणसं आपल्या मनानं नाव देतात, तेव्हा ते नाव एकच निघण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी भरली. म्हणजे बटणावर काय लिहायचं हे एकट्या प्रोग्रामरने ठरवलं, तर दहापैकी आठ जण तिथे दुसरंच काही शोधत असतील. मग समान भाषा येते कुठून? हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्ज यांचं १९८६ सालचं काम याचं उत्तर देतं. समोरासमोर बसलेल्या, पण एकमेकांचं टेबल न दिसणाऱ्या दोघांना विचित्र आकृत्या एकाच क्रमानं लावायला दिल्या. पहिल्या फेरीत एका आकृतीचं वर्णन करायला सुमारे ४० शब्द लागत. सहाव्या फेरीपर्यंत ते सुमारे ८ वर आले. दोघांनी बोलता बोलता नावं ठरवली होती. आणि पुढे असंही दिसलं, की जो तिसरा माणूस नुसता ऐकत बसला, ज्याला मधेच ‘म्हणजे काय?’ विचारता आलं नाही, त्याला ती नावं तितकी कळत नाहीत. मागणीपत्र लिहून पाठवलं आणि वर्षभराने प्रणाली मागवली, या कारभारात प्रोग्रामरची जागा त्या तिसऱ्या माणसाची असते.

महाराष्ट्राचा सर्वांत मोठा प्रयोग सातबाऱ्यावर झाला. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका पानावर म्हणून सातबारा. पिढ्यान् पिढ्या हातानं लिहिलेली ही पानं संगणकात आली, फेरफारासाठी ‘ई-फेरफार’ प्रणाली आली, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. हस्तलिखितावरून संगणकात उतरवताना नावं गळली, क्षेत्रं जुळेनात, आणि लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालचे अर्ज वाढले. त्याचा बराचसा दोष टायपिंगवर ढकलला गेला. माझ्या मते तेवढ्यानं भागत नाही.

‘इतर अधिकार’ हा रकाना पाहा. कागदावर त्यात कूळ, बँकेचा बोजा, सामाईक विहीर, रस्त्याचा हक्क, तुकडा असल्याचा शेरा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं एकाखाली एक लिहिलेलं असे. तलाठी डोळे फिरवून यातलं काय जिवंत आहे आणि काय नावापुरतं उरलं आहे ते सांगे. संगणकात तो मजकूर जसाच्या तसा टाकला, तर संगणकाच्या लेखी ती नुसती अक्षरांची ओळ राहते. बोजा फिटला की नाही हे त्याला कळत नाही. त्या रकान्यात किती वेगळ्या गोष्टी राहतात, प्रत्येकीचा जन्म कशानं होतो आणि शेवट कशानं, हे तलाठ्याबरोबर बसून सोडवणं म्हणजेच सामाईक भाषा घडवणं.

तशी ती घडली, याचा चांगला नमुनाही याच सातबाऱ्यात आहे. हस्तलिखितात एखादी नोंद रद्द झाली, खातेदार वारला किंवा बोजा उतरला, की ती कंसात घालत. तलाठी, वकील, बँकेचा माणूस यांना ‘कंस केला’ म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. शाळेत मराठी शिकलेल्या इतर कोणालाही कंस म्हणजे जादा माहिती. २०२० साली उताऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा कंस जाऊन अशा नोंदींवर आडवी रेष आली. रेष मारली म्हणजे खोडलं, हे सांगावं लागत नाही. त्याच बदलात शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचं आर, चौरस मीटरमध्ये आलं. प्रलंबित फेरफारही उताऱ्यावर दिसू लागले. आणि बिनशेती क्षेत्राला गाव नमुना बाराची गरज नाही हे उताऱ्यावरच छापलं गेलं. मेहरूणसारख्या, शेताचे प्लॉट झालेल्या गावांत ही शेवटची सूचना फार उपयोगाची, कारण पिकाचा रकाना रिकामा का, हा प्रश्नच मिटतो. बदल दिसायला किरकोळ आहेत. पण तज्ज्ञांची खूण सर्वांना वाचता येईल अशी करणं हे मोठ्या समजुतीचं काम आहे, आणि ज्यांनी केलं त्यांचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ‘ई-पीक पाहणी’ने प्रश्न उलटा केला. आधी पिकाची नोंद तलाठी घेई. आता शेतकरी स्वतः वावरात उभा राहून फोटोसह नोंद करतो. हक्काच्या दृष्टीनं हे मोठं पाऊल आहे. पण रकाने तलाठ्याच्या दप्तरातलेच: मुख्य पीक, मिश्र पीक, चालू पड, कायम पड. कपाशीत तुरीच्या ओळी टाकलेला शेतकरी ‘कपाशी लावली’ एवढंच म्हणतो. तुरीच्या ओळींना तो वेगळं पीक धरत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याची कालगणनाच निराळी. त्याच्याकडे मृगबाग असते, कांदेबाग असते, कापणीनंतर खुंटाच्या पिलावर धरलेली पिलबाग असते. बाग वर्षाच्या सीमेत मावत नाही, आणि खरीप-रब्बीची विभागणी तिला लागू पडत नाही. पिलबागेला लागवडीची तारीख कोणती द्यायची? हा प्रश्न केळीवाल्याला हास्यास्पद वाटत नाही, अवघड वाटतो, कारण त्या तारखेवर पुढे पैसा अडकलेला असतो.

‘नुकसान’ हा शब्द तर दोन माणसांमधली भिंत होऊन उभा राहतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात नुकसान ठरतं ते नेमून दिलेल्या हवामान केंद्रावर तापमानानं किंवा वाऱ्यानं ठरलेली मर्यादा ओलांडली की नाही यावरून. शेतकऱ्याचं नुकसान म्हणजे त्याच्या बागेत आडवी झालेली झाडं. दोन्ही आपापल्या हद्दीत खरं आहे. पण ही हद्द विमा उतरवताना कोणी उलगडून सांगत नाही, आणि मग फसवणूक झाल्याची भावना घेऊन माणूस घरी जातो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रीडेमान शुल्झ फॉन टुन याने १९८१ साली संवादाचं जे चित्र मांडलं ते इथे उपयोगी पडतं. प्रत्येक बोलण्यात चार गोष्टी एकदम असतात: माहिती, बोलणाऱ्याची स्वतःची ओळख, समोरच्याशी असलेलं नातं, आणि त्यानं काही करावं ही अपेक्षा. ऐकणाराही चार कानांनी ऐकतो. चावडीवर बैठक भरली, अभियंत्यानं पडद्यावर नमुना दाखवला आणि विचारलं, ‘काका, हे बरोबर आहे ना?’ काका म्हणतात, ‘हो साहेब, बरोबर आहे.’ ते ‘हो’ बहुतेकदा नात्याचं असतं. पोर लांबून आलं आहे, मान राखावा, तलाठी आप्पा शेजारीच बसले आहेत. अभियंता ते माहितीच्या कानानं ऐकतो आणि वहीत लिहितो: मान्य. म्हणून ‘बरोबर आहे ना?’ हा प्रश्नच विचारू नये. ‘मागच्या साली तुम्ही नोंद केली तेव्हा काय काय झालं ते सांगा’ म्हणावं, आणि मग गप्प राहावं. सांगणारा अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलू लागला, तर त्याला प्रमाण मराठीकडे वळवू नये. बोली सुटते तिथे तपशील येतो.

उलट बाजूनं पडद्यावरचे संदेशही चार कानांनी ऐकले जातात. ‘अवैध क्रमांक’ असा संदेश दिसला, की माहिती एवढीच असते की आकडा चुकला. पण जळगाव जिल्ह्यात ‘अवैध’ हा शब्द रोज गिरणेतल्या वाळूसंदर्भात छापून येतो. आपल्या गटाचा नंबर अवैध आहे हे वाचून म्हातारा माणूस धास्तावतो. ‘हा गट क्रमांक सापडला नाही, पुन्हा पाहा’ एवढं पुरेसं आहे.

सरकारी मराठीची एक खोड इथे नडते: ‘नोंद घेण्यात आली’, ‘प्रकरण निकाली काढण्यात आले’. कोणी केलं ते वाक्यात नसतं. इटलीच्या अल्बर्टो ब्रँडोलिनीने रूढ केलेल्या ‘इव्हेंट स्टॉर्मिंग’ पद्धतीत सगळे मिळून घडलेल्या गोष्टी नारिंगी चिठ्ठ्यांवर भूतकाळात लिहून भिंतीला लावतात. फेरफार नोंदवला गेला, नोटीस बजावली, हरकत आली, नोंद प्रमाणित झाली. मराठीत ही पद्धत चालवणाऱ्यानं दर चिठ्ठीला ‘कोणी?’ विचारण्याचा हट्ट धरावा. नोंद तलाठी धरतो, प्रमाणित मंडळ अधिकारी करतो. हा फरक कर्मणी वाक्यात बुडाला, तर प्रणालीत नको त्याच्या हाती अधिकार जातो.

कोडमध्ये शब्द कोणते वापरावेत, यावर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. बहुतेक प्रोग्रामर फेरफाराला ‘म्युटेशन’ करतात, पोटखराब्याला, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्राला, आणखी काही. मग प्रत्येक बैठकीत ते मनातल्या मनात भाषांतर करत बसतात. माझं मत स्पष्ट आहे: कोड रोमन अक्षरांत असो, पण त्यातलं नाव ‘फेरफार’च असावं, ‘पोटखराबा’च असावं, ‘पिलबाग’च असावं. जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांकडे हे शब्द घरून आलेले असतात. परीक्षेच्या प्रकल्पात ते वापरायला लाजतात, कारण त्यांना वाटतं की गंभीर काम इंग्रजी शब्दांतच होतं. हा समज शिक्षकांनी मोडायला हवा.

या विचाराच्या मर्यादाही आहेत. शब्द वरून लादून चालत नाहीत. सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्या कोशाचं मोल मोठं, पण जमीन, दस्त, खरीप, रब्बी हे शब्द लोकांनी सोडले नाहीत. २०२४ साली तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं, गावात तो अजून तलाठीच आहे. प्रणालीनं दोन्ही नावं ओळखली पाहिजेत. दुसरी मर्यादा जास्त गंभीर. सामाईक भाषा घडवायला जे बसतात, त्यांचीच भाषा सामाईक ठरते. १९८०च्या दशकात स्कँडिनेव्हियात छपाई कामगारांबरोबर पेले एन आणि सहकाऱ्यांनी ‘युटोपिया’ प्रकल्प केला, तेव्हा कामगारांना संगणकाचे लाकडी-पुठ्ठ्याचे नमुने हाताळायला देऊन त्यांच्याकडून रचना काढून घेतली, मालकांकडून नव्हे. आपल्याकडे बैठकीला खातेदार येतो. कापूस वेचणारी बाई, किलोवर मजुरी घेणारी, येत नाही. झाडाला बोंड किती, कीड कुठल्या ओळीत, हे तिला सर्वांत आधी दिसतं.

आणि नेमका हाच प्रश्न आता पुढ्यात आहे. ‘ॲग्रिस्टॅक’ योजनेत महाराष्ट्रात शेतकऱ्यांना ओळख क्रमांक दिले जात आहेत, आणि तो क्रमांक सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळतो. जो दुसऱ्याचं वावर बटाईनं करतो, बियाणं टाकतो, रात्री पाणी भरतो, त्याला साऱ्या गावात शेतकरी म्हणतात. या प्रणालीच्या शब्दकोशात तो नाही. पुढच्या योजना याच क्रमांकावर बेतल्या जाणार असतील, तर ‘शेतकरी’ या रकान्याची व्याख्या पक्की होण्याआधी बटाईदार, सालदार आणि वेचणीच्या बाया चावडीवरच्या त्या बैठकीला बोलावल्या गेल्या पाहिजेत. एकदा कोड लिहिला गेला, की व्याख्या बदलायला कायदा बदलण्याइतकाच वेळ लागतो.